न घेणाऱ्याला वाहिलेले फूल

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि घराघरांतले देव्हारे रिकामे झाले. ब्रह्मा-विष्णू-महेश नाहीत, गौरी-गणपती नाहीत, श्राद्धपक्ष नाही, पिंडदानही नाही. आज महाराष्ट्रातल्या अनेक बौद्ध घरांत पांढऱ्या कापडावर बुद्धाची मूर्ती आणि बाजूला बाबासाहेबांची तसबीर असते. पुढे मेणबत्ती पेटते, अगरबत्ती लागते, फुले वाहिली जातात. ‘देव बदलला, देव्हारा तोच’ हा टोमणा त्यावरूनच निघाला, आणि तो मारणाऱ्यांत चळवळीतले बुद्धिवादीही आहेत. माझ्या मते ही मंडळी मूर्तीपुढे काय ठेवले ते पाहतात. ठेवताना काय म्हटले जाते तिकडे त्यांचे लक्ष नसते.

फूल वाहतानाची पाली गाथा रंगगंधाने भरलेल्या फुलांच्या वर्णनाने सुरू होते आणि शेवटी वाहणाऱ्याच्या देहावर येते: हे फूल जसे कोमेजते, तसा माझा देहही नाशाकडे चालला आहे. मुक्तीची इच्छा मधे येते, हे खरे. पण ती फळावी ती वाहणाऱ्याच्या स्वतःच्या पुण्याने. बुद्धाने काही द्यावे असे त्यात नाही. मूर्तीपुढे उभे राहून माणूस स्वतःलाच मरणाची आठवण करून देतो. म्हणूनच हल्ली दिसणारी प्लॅस्टिकची फुले मला खटकतात. ती कोमेजतच नाहीत, तेव्हा त्यांच्यासमोर म्हटलेली गाथा खोटी ठरते. सोय म्हणून ती ठेवणाऱ्यांनी एवढा विचार करावा.

मग घेणाराच नसेल तर वाहायचे कशाला? हा आक्षेप फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला हाच पेच घालतो: बुद्ध पूजा स्वीकारत असेल तर तो परिनिर्वाण पावलेला नाही, स्वीकारत नसेल तर पूजा वांझ. नागसेन उत्तरादाखल विझलेल्या अग्नीकडे बोट दाखवतो. मोठा वणवा विझला, तरी ज्याला अग्नी हवा तो स्वतःच्या कष्टाने लाकूड घासून तो पेटवतोच. तसे बुद्ध स्वीकारत नसला तरी वाहणाऱ्याची कृती फळते. महापरिनिब्बान सुत्त तर आणखी पुढे जाते. अवकाळी फुललेल्या सालवृक्षांची फुले अंगावर पडत असताना बुद्ध आपल्या आनंद या शिष्याला सांगतो की, हा खरा सन्मान नव्हे. धम्माप्रमाणे चालणाराच सर्वांत मोठा सन्मान करतो. इथे फुलाला कुणी हाकलून दिलेले नाही, त्याला फक्त दुसऱ्या पायरीवर बसवले आहे.

यावर श्रीलंकेचे उदाहरण पुढे केले जाईल, आणि ते वजनदार आहे. तिथे बुद्धमूर्तीपुढे अन्न ठेवतात आणि तेही मध्यान्हापूर्वी, कारण भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. म्हणजे बुद्धाला जिवंत भिक्खूसारखे वाढायचे! रिचर्ड गोंब्रिच यांनी 1971 च्या आपल्या अभ्यासग्रंथात हे नेमके टिपले आहे: बुद्ध गेला हे सिंहली बौद्धांच्या बुद्धीला ठाऊक असते, पण भावनेने ते तो असल्यासारखे वागतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. श्रद्धा नेहमी शास्त्राच्या रेषेत चालत नाही, आणि महाराष्ट्रातही परीक्षेच्या दिवशी मूर्तीपुढे हात जोडून पास होण्याचे मागणे कुणी मागत नसेल असे मी म्हणणार नाही. मात्र मागणे झालेच, तर ते माणसाच्या भीतीतून होते. वंदनेच्या पाठात त्याला आधार नाही.

हा पाठ बाबासाहेबांनीच लोकांच्या हाती दिला, हे बुद्धिवादी सहसा विसरतात. ‘बौद्ध पूजापाठ’ ही त्यांची पुस्तिका आज त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात, पाली शब्दकोश आणि व्याकरणाच्या शेजारी आहे. कर्मठपणाचा एवढा कठोर टीकाकार पूजेचा पाठ करतो, तो विसंगती म्हणून नव्हे. जुने सण आणि जुने देव गेल्यावर घरात जी पोकळी राहते, ती नुसत्या नकाराने भरत नाही, याची त्यांना पुरेपूर जाण होती. शिवाय या विधीत पुरोहित लागत नाही. आई, मुलगी, आजोबा, कुणीही मेणबत्ती पेटवते आणि सगळे मिळून त्रिशरण-पंचशील म्हणतात. उरते ती पाली न कळण्याची अडचण. अर्थ न कळता म्हटलेली गाथा मंत्रासारखीच वापरली जाते, आणि तिथे टोमणा मारणाऱ्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते. त्यावर इलाजही आहे: वंदनेच्या पुस्तिकांत पालीसोबत मराठी अर्थ छापलेला सापडतो. गाथा संपल्यावर तो अर्थ एखाद्या मुलाने मोठ्याने वाचला, तर त्याला दोन मिनिटे पुरतात.