नोकरी शोधणारा मुलगा आणि घरातील ज्येष्ठ

कोयनानगर हे धरणाच्या बांधकामाबरोबर वसलेले गाव. काम असेल तिथे जायचे, हे येथील घरांना नवे नाही. पाटण तालुक्यातील कितीतरी कुटुंबे मुंबईच्या गिरण्यांवर जगली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचे काम थांबले. अनेकांना ते पुन्हा मिळालेच नाही. तो काळ पाहिलेली पिढी आज सत्तरीपुढे आहे. म्हणूनच पुण्यात नोकरी गेलेला मुलगा बॅग घेऊन दारात उभा राहिला, की रक्तदाब वाढतो तो आधी वडिलांचा.

‘धीर सोडू नकोस’, असे त्याला सारेच सांगतात. सल्ला योग्यच आहे. परंतु नुसत्या सांगण्याने धीर येत नाही. ऑस्ट्रियातील मारिएंथाल या गावची कापडगिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली. मारी याहोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. हाताशी भरपूर वेळ असूनही लोक ग्रंथालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तके नेत होते; पुरुषांची चालदेखील मंदावली होती. पगाराबरोबर त्यांच्या दिवसाची घडीही मोडली होती.

ती घडी बसवण्यास ज्येष्ठ मंडळी मोठी मदत करू शकतात. मुलाची उठण्याची वेळ नोकरीच्या दिवसांतलीच राहावी. सकाळचे दोन-तीन तास अर्ज, फोन व मुलाखतीची तयारी यांसाठी राखून ठेवावेत. त्या वेळेत त्याला बाजारहाट सांगू नये. नंतर मात्र कामे जरूर सांगावीत. आजोबांना फिरायला नेणे, वीजबिल भरणे, परसातील वाफे खणणे, काहीही चालेल. ‘काही कळले का?’ हा प्रश्न रोज विचारण्याऐवजी आठवड्यातून एकदा विचारावा. आणि नोकरी गेल्याचे नातेवाइकांपासून लपवू नये. काम पुष्कळदा ओळखीतूनच समजते. झाकून ठेवले तर ती वाटही बंद होते. ‘नोकरी लावतो’ म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला मात्र निवृत्तिवेतनातील एक रुपयाही देऊ नये.

दवाखान्यात मला वारंवार आढळणारी एक गोष्ट अधिक चिंतेची आहे. खर्च वाचावा म्हणून आई-वडील स्वतःच्या गोळ्या गुपचूप एक दिवसाआड घेऊ लागतात. रक्तदाब वाढून पक्षाघात झाला, तर मुलाला शोध सोडून रुग्णालयात बसावे लागेल. रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या शासकीय आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. त्या आणण्यात कसला कमीपणा?

मुलाची झोप उडाली, जेवण घटले, कशातच मन लागेना, दारू वाढली आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर त्याला आळशी म्हणू नये. ते नैराश्य असू शकते, त्यास डॉक्टरांकडे न्यावे. जगण्यात अर्थ नाही, असे तो बोलू लागल्यास त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.