गेटच्या आतली अल्ट्रामॅरेथॉन

मॅरेथॉन ४२.१९५ किमीची असते हे आपल्याला जनरल नॉलेजमुळे पाठ असतं. त्याहून लांबची ती अल्ट्रामॅरेथॉन. पण तिचा एक प्रकार असा आहे, की त्यात अंतर ठरलेलंच नसतं! ठरलेला असतो फक्त वेळ, ६, १२ किंवा २४ तास. एका ठराविक वाटेवर फेऱ्या मारत राहायचं, आणि वेळ संपली की ज्याचं अंतर जास्त तो पहिला. (मी कॉन्व्हेंटवाली, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

मुंबईत १५ ऑगस्टला दादरच्या शिवाजी पार्क भागातून अशी १२ तासांची धाव होते, पहाटे ५ ते संध्याकाळी ५. जुलै २०२२ मध्ये बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियममध्ये २४ तासांची आशिया-ओशनिया स्पर्धा झाली. त्यात अमरसिंह देवंदा २५७ किमीहून जास्त पळाले आणि आपल्या पुरुष संघाला सुवर्णपदक मिळालं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर याच्या ६४० हून जास्त फेऱ्या होतात! न्यूयॉर्कमध्ये तर ३१०० मैलांची शर्यत एका शाळेभोवतीच्या फुटपाथवर होते. एक फेरी साधारण ८८३ मीटर, मुदत ५२ दिवस.

"वेड नाही का लागत?" हा प्रश्न मला मेसमध्ये रोज ऐकावा लागतो. खरं सांगू? गोल वाट हीच सोय आहे. पाणी, खाणं, बूट सगळं एका टेबलावर, दर फेरीला हाताशी. कुणी कोसळलं तर लगेच दिसतं. आणि मागे राहिलेला कुणी एकटा पडत नाही, पुढचे त्याला पुन्हा पुन्हा भेटतातच. त्रास वेगळाच असतो : दर फेरीला तुमची खुर्ची समोर येते. सरळ रस्त्यावर मध्येच सोडलं तरी घरी परत यावंच लागतं. इथे थांबणं फार सोपं!

आम्हा मुलींसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. पहाटे परळी रोडवर किंवा लातूर रोडवर एकटीनं पळायला घरून परवानगी नाही, त्यात उसाच्या ट्रॅक्टरांची गर्दी. हॉस्टेलचं गेट उघडतं सहाला. मग लांब पळायचं कुठे? गेटच्या आत! २०२३ साली तैपेईला जपानच्या मिहो नाकाता २४ तासांत २७० किमीहून जास्त पळाल्या, तेही फेऱ्या मारूनच. हे वाचलं आणि मी वॉर्डन मॅडमकडे अर्ज केला.

सिव्हिलच्या मुलींनी टेप लावून हॉस्टेल-मेस-वर्कशॉप ही वाट मोजली : ६४० मीटर. डिसेंबरातल्या एका रविवारी ६ ते १२ पळाले. फेऱ्या झाल्या ५४, म्हणजे ३४.५६ किमी. सरासरी काढा, ताशी ५.७६! हा तर झपाझप चालण्याचा वेग. पण गंमत तीच आहे. माझी पद्धत होती चार फेऱ्या पळायच्या, एक चालायची, आणि अगदी पहिल्या तासापासून. दमल्यावर चालायला लागलं तर पुन्हा पळणं होत नाही. दर दोन तासांनी दिशा उलटी केली, कारण एकाच बाजूला वळून वळून त्याच पायावर ताण येतो. मोठ्या स्पर्धांतही ठराविक तासांनी दिशा बदलतात.

खायला मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि चिक्की, प्यायला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. नुसतं पाणी ढोसू नका. तासन्‌तास घाम गाळून फक्त पाणीच पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो आणि जिवावरही बेतू शकतं. हे डिहायड्रेशन समजून लोक अजून पाणी पाजतात, तिथेच घोळ होतो. असं कुणी दिसलं तर सरळ दवाखान्यात न्या. मार्चनंतर तर आपल्या उन्हात हा प्रयोग नकोच.

मोठ्या स्पर्धेत बुटाला चिप असते. माझी चिप म्हणजे रूममेट! वहीत रेघा ओढत बसली होती, आणि ४१ व्या फेरीला तिचं माझ्याशी भांडणही झालं. ती म्हणे ४०. मी ऐकलं, कारण नियमच आहे, मोजणाऱ्याचं खरं.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा ६ तास पळायचंय. पळायला आत्तापर्यंत सात जणी तयार आहेत, मोजायला दोघीच. नावं खोली नंबर १४ मध्ये द्या. चहा आमच्याकडून.