कोवळ्या कायमच्या दातांचे जंतुनाशन

“दुधाची दाढ आहे, काढून टाका, दुसरी येईल,” असे सांगून पालक सात-आठ वर्षांच्या मुलाला आमच्यापुढे बसवितात. पुष्कळदा ती दाढ दुधाची नसते. दुधाच्या दाढांच्या मागे सहाव्या वर्षाच्या सुमारास जी दाढ येते ती कोणताही दात न पडता येते, म्हणून दुधाचीच वाटते. वस्तुतः ती कायमची असते व गेली की पुन्हा येत नाही.

दात हिरडीबाहेर आला म्हणजे तो पूर्ण झाला असे नव्हे. त्याचे मूळ पुढे सुमारे ३ वर्षे वाढत असते. तोवर मुळाचे टोक उघडे असते आणि आतील नळीच्या भिंती पातळ असतात. हे बांधकाम दाताच्या पोटातील जिवंत गर करतो. कीड खोल गेली किंवा पडल्यामुळे पुढचा दात मोडला, म्हणजे जंतू आत शिरतात. गर मेला की बांधकाम थांबते आणि तो दात अर्धवट मुळावर राहून पुढे सहज मोडतो.

मोठ्या माणसाच्या दाताची नळी आम्ही बारीक कानशींनी घासून साफ करतो. कोवळ्या दातात तसे केल्यास पातळ भिंती अधिकच पातळ होतील. म्हणून येथे घासणे कमी आणि धुणे अधिक, हाच नियम होय.

धुण्याचे मुख्य द्रव्य सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी त्याचे सौम्य द्रावण सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी प्रचारात आणले. कोवळ्या दातासाठी १.५ टक्क्याचे सुमारे २० मिलिलिटर द्रावण ५ मिनिटे सावकाश सोडतात. टोक उघडे असल्यामुळे सुई अलीकडेच थांबवावी लागते. द्रावण बाहेर गेले तर आसपासचा भाग भाजतो.

परंतु नळीच्या भिंतींत अतिसूक्ष्म छिद्रे असतात व जंतू तेथे दडून बसतात. यासाठी पूरक उपाय आहेत. एक म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी द्रावण घुसळणे; मात्र कंप पावणारे टोक भिंतीला लागू देऊ नये. दुसरा म्हणजे नळीत विशिष्ट रंगद्रव्य भरून त्यावर लाल प्रकाश टाकणे. त्यायोगे ऑक्सिजनचे तीव्र रूप निर्माण होऊन जंतू मरतात. हे दोन्ही उपाय धुण्याच्या जोडीचे आहेत, त्याच्या जागी घेण्याचे नव्हेत.

त्यानंतर काही आठवडे नळीत औषध ठेवतात. हर्मान यांनी १९२० साली दंतवैद्यकात आणलेले कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विझवलेला चुनाच, आजही वापरात आहे. पण ते महिनोन्‌महिने ठेवल्यास मूळ ठिसूळ होण्याची भीती असते. जपानमधील होशिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तीन प्रतिजैविकांच्या मिश्रणाचा प्रभाव दाखवून दिला. त्यांतील मिनोसायक्लिनने दात काळवंडतो, आणि मिश्रण दाट केल्यास मूळ वाढविणाऱ्या पेशीही मरतात. म्हणून ते पातळ वापरतात.

एवढा जिवंत पेशींचा सांभाळ कशासाठी? नळी निर्जंतुक झाल्यावर मुळाच्या टोकाकडून मुद्दाम थोडे रक्त आत आणून त्याची गुठळी होऊ देतात व वरून दात घट्ट बंद करतात. इवाया यांनी २००१ मध्ये आणि बँक्स व ट्रोप यांनी २००४ मध्ये अशा दातांचे मूळ पुन्हा वाढल्याची उदाहरणे प्रसिद्ध केली. प्रत्येक दातात हे साधतेच असे नाही. परंतु जंतू राहिले तर ते बहुधा साधत नाहीच.

पालकांस आमची विनंती एवढीच. सहाव्या वर्षी मुलाच्या शेवटच्या दाढा तपासून घ्याव्यात. दात मोडल्यास त्याच दिवशी दंतवैद्याकडे यावे. आणि ठणका थांबला म्हणून उपचार अर्धा सोडू नये. दुखणे थांबले म्हणजे जंतू मेले असे नव्हे. आज चुकविलेली एक खेप मुलाला उभ्या आयुष्याचा दात गमावून भरावी लागते.