खोक्यावरचा वेग आणि हातातला वेग

मुलांनो, कुडाळजवळच्या पिंगुळीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ठाकर समाजाच्या चित्रकथीचं आणि कळसूत्री बाहुल्यांचं हे गाव. तिथे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. समजा, मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही पिंगुळीला गेलात आणि तिथल्या तासभराच्या खेळाचं चित्रीकरण घरच्या नव्या फोनवर सुरू केलंत. पहिली काही मिनिटं चित्र झकास! मग फोनची पाठ तापते, पडदा आपोआप मंद होतो, चित्र अडखळू लागतं. एखादा फोन तर ‘आधी मला थंड होऊ द्या’ म्हणून कॅमेराच बंद करतो. खोक्यावर तर ठळक छापलेलं असतं, ‘आठ कोअर, २.८ गिगाहर्ट्‌झ’. मग ते खोटं का?

आकडा खोटा नसतो, पण तो सगळं सांगत नाही. प्रोसेसरच्या आत मृदंगावर पडावा तसा ठोका सतत पडत असतो. २.८ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला २८० कोटी ठोके. एका ठोक्याला काम किती होतं, ते या आकड्यात नसतं. आठ कोअर म्हणजे आठ सारखे पैलवानही नव्हेत. बहुतेक फोनमध्ये थोडे दांडगे आणि बाकीचे लहान, कमी वीज खाणारे असतात. छापलेला वेग सर्वांत दांडग्याचा! (नॅनोमीटरचा आकडा तर आता निव्वळ पिढीचं नाव उरला आहे. त्या मापाचं आत काही सापडायचं नाही.)

खरी मेख आहे उष्णतेत. वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, त्यामुळे वेग दुप्पट केला की उष्णता दुपटीहून जास्त होते. संगणकात पंखा असतो, फोनमध्ये बहुधा नसतो. आतली उष्णता पाठीवाटे हवेत जाणार, आणि ती किती जाईल हे दोन्हींच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. फोनची पाठ ४२ अंशांवर आणि खोलीतली हवा २४ वर असेल, तर फरक १८ अंशांचा. हवा ३५ वर असेल, तर फरक फक्त ७! कोकणातल्या दमट उकाड्यात आपला घाम वाळत नाही म्हणून आपण हैराण होतो, फोनला तर घामच येत नाही. मग तुमच्या हाताला चटका बसू नये आणि आतलं काही बिघडू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच ठोके कमी करतो. आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, असं अ‍ॅपल कंपनीच सांगते.

सिंधुदुर्गातल्या मुलांना हे पटकन समजेल. रात्रभर चालणाऱ्या दशावतारात राजाची पहिली एंट्री दणक्यात होतेच. पण नट कसा आहे, ते कळतं पहाटे!

वेग मोजणारी ॲप्स असतात, पण त्यांची परीक्षा मिनिटांत संपते. आणि त्या परीक्षेतही चलाखी झाली आहे बरं का! २०१३ साली सॅमसंगच्या एका गॅलेक्सी एस४ मधला चित्रांचा प्रोसेसर परीक्षेचं ॲप ओळखून ५३२ मेगाहर्ट्‌झने पळायचा, एरवी ४८० ने. २०१८ साली हुआवेचे काही फोन अशाच कारणाने ‘थ्रीडीमार्क’च्या यादीतून काढले गेले. २०२२ साली गॅलेक्सी एस१० ते एस२२ या मालिकांतले फोन ‘गीकबेंच’ने वगळले, कारण खेळांची आणि इतर ॲप्सची गती कमी केली जात होती, परीक्षेच्या ॲपची मात्र नाही. परीक्षक वर्गात आले की शहाण्यासारखं बसणाऱ्या मुलाची आठवण झाली ना?

महासंगणकांच्या जगात मात्र दोन्ही आकडे उघड मांडण्याची पद्धत आहे. पुण्यातला टाटांचा ‘एका’ महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा आला. त्याचा कागदावरचा वेग सुमारे १७१ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १७१ लाख कोटी आकडेमोडी. प्रत्यक्ष मोजला तो ११७.९. हजारो प्रोसेसर एकमेकांची वाट पाहतात, त्यात वेग जातोच. क्रमवारी लागली ती मोजलेल्या आकड्यावर.

आता आईबाबांसाठी. दहावीनंतर फोन घेताना केवळ मोठ्या गिगाहर्ट्‌झसाठी तीन-चार हजार जास्त मोजण्याआधी आत जुनी, संथ ईएमएमसी साठवण आहे की वेगवान यूएफएस, ते विचारा. ॲप झटकन उघडणं त्यावर बरंच अवलंबून असतं. घरचा फोन मंदावला असेल, तर आधी जागा भरली आहे का ते पाहा, मग बॅटरी. थकलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून काही जुन्या आयफोनचा वेग आपण कमी करतो, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं. तिथे नवी बॅटरी घातली की काम भागायचं!

आणि मुलांनो, घरी हा प्रयोग करा. ‘थ्रीडीमार्क’मध्ये एकच परीक्षा सलग २० वेळा, २० मिनिटं चालणारी सोय आहे. पहिल्या फेरीचे आणि सर्वांत कमी फेरीचे गुण वहीत लिहा. मग फोन थंड झाल्यावर कव्हर काढून, पंख्याखाली तीच परीक्षा पुन्हा घ्या. फोन फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत पाणी धरतं.