समुद्रातून पाणबुडी ओढून आणणारी 'ग्वाडलकॅनाल'

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानवाहू नौका म्हटलं की 'एंटरप्राइझ', 'यॉर्कटाउन' अशी बडी नावं पुढे येतात. पण अमेरिकेने त्या युद्धात बांधलेल्या १५१ विमानवाहू नौकांपैकी तब्बल १२२ नौका छोट्या, संथ आणि स्वस्तातल्या होत्या. व्यापारी जहाजांच्या ताफ्यांची राखण करायची, शत्रूच्या पाणबुड्या हुडकायच्या, हे त्यांचं काम. म्हणून त्या 'एस्कॉर्ट कॅरिअर'. त्यातलीच एक 'यूएसएस ग्वाडलकॅनाल'. दिसायला यथातथा, पण हिच्या नावावर जो पराक्रम आहे तो एकाही बड्या नौकेच्या नावावर नाही. तिच्या आणि तिच्या भाऊबंदांच्या या काही भन्नाट गोष्टी.

पाच महिन्यांत पाण्यात

५ जानेवारी १९४३ ला बांधणी सुरू, ५ जूनला जलावतरण आणि २५ सप्टेंबरला नौदलात दाखल. नऊ महिनेसुद्धा लागले नाहीत! ही किमया हेन्री कायझर या उद्योगपतीच्या, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर इथल्या गोदीची. कायझरची योजना नौदलाने आधी धुडकावली होती. गडी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे गेला आणि मंजुरी घेऊनच परतला. ८ जुलै १९४३ ते ८ जुलै १९४४ या बरोब्बर एका वर्षात त्याने या जातीच्या ५० नौका नौदलाच्या पदरात टाकल्या.

नाव बदललं, नशीब बदललं

हिचं आधी ठरलेलं नाव होतं 'ॲस्ट्रोलेब बे'. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावरची घनघोर लढाई अमेरिकेने जिंकली आणि बांधणी चालू असतानाच नौकेचं बारसं नव्याने झालं. गंमत म्हणजे नाव पॅसिफिकमधल्या बेटाचं, पण पराक्रम सगळा अटलांटिकमध्ये.

बारा डब्यांच्या लोकलपेक्षा आखूड

नौकेची लांबी १५६ मीटर. मुंबईची बारा डब्यांची लोकल हिच्याशेजारी उभी केली तर चार-पाच डबे बाहेरच राहतील. एवढ्या जागेत सुमारे २७ विमानं, ९०० च्या आसपास माणसं आणि पार्श्वभागी पाच इंची तोफ. तीही एकच. शिवाय टर्बाइन इंजिनांचा तुटवडा असल्यामुळे हिला जुन्या धाटणीची, दट्ट्यावर चालणारी वाफेची इंजिनं बसवली होती. वेग १९ नॉट्स, म्हणजे ताशी जेमतेम ३५ किलोमीटर. मोठ्या विमानवाहू नौका ३० नॉट्सच्या पुढे पळत.

खलाश्यांची खवचट टोपणनावं

या नौकांचा सरकारी संकेत 'सीव्हीई'. त्यावर जहाजावरची माणसं म्हणत, ही तीन अक्षरं म्हणजे 'कंबस्टिबल, व्हल्नरेबल, एक्स्पेंडेबल'. पटकन पेटणारी, पटकन फुटणारी आणि बुडाली तरी फारसं न बिघडणारी! 'जीप कॅरिअर' हे त्यातल्या त्यात प्रेमाचं नाव. 'कायझरची शवपेटी' हे मात्र पोटात गोळा आणणारं, कारण चिलखती पत्रा म्हणावा असा या नौकांना नव्हताच.

मग हवी कशाला ही नौका?

अटलांटिकच्या मधोमध एक मोठा पट्टा असा होता की दोन्ही किनाऱ्यांवरची विमानं तिथवर पोचून परतू शकत नसत. जर्मन पाणबुड्या नेमक्या तिथे दबा धरून बसत आणि ब्रिटनला धान्य, तेल, दारूगोळा नेणारी जहाजं टिपत. छोट्या विमानवाहू नौकांनी धावपट्टीच समुद्रात नेऊन ठेवली. त्या काळच्या पाणबुडीला बॅटऱ्या भरायला पृष्ठभागावर यावंच लागे. आली की वरून विमान आणि बाजूने विनाशिका! १९४३ पासून तर या नौका ताफ्याची वाट न बघता स्वतःच शिकारीला निघू लागल्या.

कप्तानच पहिला वैमानिक

'ग्वाडलकॅनाल'चा पहिला कप्तान डॅनियल गॅलरी हा मूळचा वैमानिक. नव्या कोऱ्या डेकवर पहिलं विमान कुणी उतरवायचं? गॅलरीने दुसऱ्या कुणाला संधीच दिली नाही. पहिलं उड्डाण आणि पहिलं अवतरण त्याने स्वतः केलं. पुढे हाच माणूस विनोदी दर्यावर्दी कथांचा लेखक म्हणूनही गाजला.

पहिली शिकार, पण महागात

१६ जानेवारी १९४४. अझोर्स बेटांजवळ हिच्या 'अॅव्हेंजर' विमानांनी 'यू-५४४' ही पाणबुडी इंधनाची देवघेव चालू असतानाच गाठली आणि बुडवली. वैमानिक खुशीत परतले, तोवर अंधार पडला होता. उतरताना एक विमान डेकच्या कडेला अडकलं. मागची विमानं उतरणार कुठे? अखेर त्यांना समुद्रात उतरावं लागलं आणि माणसं पाण्यातून उचलावी लागली. धडा लगेच घेतला गेला: रात्रीची उड्डाणं शिकायची.

रात्रपाळी सुरू

अंधारात विमान सोडायचं आणि हलत्या, तोकड्या डेकवर परत उतरवायचं, हा जिवावरचा खेळ. छोट्या विमानवाहू नौकांवर तो रुजवणाऱ्यांत 'ग्वाडलकॅनाल' आघाडीवर होती. फळ एप्रिलमध्ये मिळालं. मदेराजवळ ९ एप्रिलला 'यू-५१५' आणि १० एप्रिलला 'यू-६८'. दोन दिवसांत दोन पाणबुड्या खलास!

'ही तर जिवंत धरता आली असती!'

'यू-५१५' बुडण्याआधी काही वेळ पृष्ठभागावर तरंगत होती. ते बघून गॅलरीच्या डोक्यात किडा वळवळला. पुढच्या मोहिमेआधी त्याने प्रत्येक सोबती जहाजाला हुकूम दिला: पाणबुडीवर चढाई करणारी तुकडी तयार ठेवा आणि ओढायला दोरखंडही. पाणबुडी वर आली की मोठ्या तोफांनी तिची चाळण करायची नाही. बंदुका, मशीनगन चालवून माणसांना तेवढं पळवून लावायचं. अनेकांना हा निव्वळ खुळेपणा वाटला.

इंधन संपत आलं आणि सावज सापडलं

४ जून १९४४, रविवार. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १५० मैलांवर गॅलरीचा ताफा हात हलवत कासाब्लांकाकडे निघाला होता, कारण 'ग्वाडलकॅनाल'चं इंधन तळाला गेलं होतं. अकराच्या सुमारास 'शॅटलेन' या जहाजाच्या सोनारवर ठिपका उमटला. वर घिरट्या घालणाऱ्या 'वाइल्डकॅट' विमानांना पाण्याखालची सावली दिसली. त्यांनी त्या जागी पाण्यातच गोळ्या झाडून खूण केली. 'शॅटलेन'ने पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकले आणि काही मिनिटांत 'यू-५०५' उसळून वर आली.

नेम चुकला म्हणून बरं

पाणबुडी गोल फिरत आपल्या अंगावर येतेय असं वाटून 'शॅटलेन'ने एक टॉर्पेडो सोडला. तो हुकला! बसला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. जर्मन खलाश्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. पाणबुडी मात्र इंजिनं चालू ठेवून, सुकाणू अडकलेल्या अवस्थेत, एकटीच गोल गोल फिरत राहिली.

झाकण सापडलं!

'पिल्सबरी' जहाजावरून लेफ्टनंट आल्बर्ट डेव्हिडची छोटी तुकडी होडीतून निघाली, फिरत्या पाणबुडीच्या मागे लागली आणि उडी मारून तिच्यावर चढली. आत काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नाही. दबा धरलेले सैनिक असतील, टाइमबॉम्ब असेल किंवा पाणबुडी सगळ्यांना घेऊन तळाशीही जाईल. डेव्हिड शिडीवरून आत उतरला. आत कुणीही नव्हतं. पण पळताना जर्मनांनी समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या गाळणीचं झाकण काढून टाकलं होतं. पाण्याची जाडजूड धार आत कोसळत होती, पाणबुडी शेपटाकडून खाली चालली होती. झेनन लुकोशियस या खलाश्याला ते झाकण जवळच पडलेलं दिसलं. त्याने ते जागेवर बसवून आवळलं आणि धार थांबली. दुसरीकडे स्फोटकांच्या तारा तोडणं चालू होतं. डेव्हिडला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक ताफ्यातल्या एकाच नौसैनिकाला ते मिळालं, तो हाच. पण पदक हाती पडण्याआधी, सप्टेंबर १९४५ मध्ये, त्याचं निधन झालं. ते त्याच्या पत्नीने स्वीकारलं.

विमानवाहू नौकेने केलं टोइंग

'पिल्सबरी'ने पाणबुडी ओढायचा प्रयत्न केला, तर पाणबुडीच्या बाहेर आलेल्या पात्याने तिचंच अंग फाडलं. मग 'ग्वाडलकॅनाल'ने स्वतःच दोर टाकला. पहिला दोर रात्रीत तुटला, दुसरा जाड दोर लावला. मागे पाणबुडी, वर विमानांची ये-जा चालूच!

खरी करामत 'ग्वाडलकॅनाल'चा मुख्य अभियंता अर्ल ट्रोसिनोची. हा व्यापारी जहाजांवरचा माणूस. पाणबुडीशी आधी काही संबंध नाही. पाणबुडीच्या तळाशी सरपटत त्याने एकेक पाइप तपासला. मग डिझेल इंजिनं विजेच्या मोटरींपासून सोडवली आणि वेग वाढवायला सांगितलं. ओढली जाताना पंखे पाण्याने फिरू लागले, त्यांनी मोटरी फिरवल्या, मोटरींनी जनित्राचं काम केलं, बॅटऱ्या भरल्या आणि त्या विजेवर पाणबुडीचेच पंप तिच्यातलं पाणी उपसू लागले. पुढे 'अबनाकी' ही टग मदतीला आली आणि १९ जूनला वरात बर्म्युडाला पोचली.

याआधीची अशी शिकार होती मुंबईची

भर समुद्रात शत्रूची युद्धनौका पकडण्याची अमेरिकी नौदलाची त्याआधीची वेळ होती १८१५ ची, म्हणजे १२९ वर्षांपूर्वीची. त्या वेळी सुंदा सामुद्रधुनीत अमेरिकेच्या 'पीकॉक'ने पकडलेलं 'नॉटिलस' हे जहाज ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बॉम्बे मरीन'चं होतं. आपल्या भारतीय नौदलाची वंशावळ याच दलापर्यंत मागे जाते. त्यातही गंमत अशी की ब्रिटन आणि अमेरिकेचा तह तेव्हा आधीच झाला होता. ती बातमी तिकडे पोचायची होती.

तीन हजार तोंडं, एक गुपित

पाणबुडीत संदेश सांकेतिक करणारी दोन 'एनिग्मा' यंत्रं, सुमारे ४०० किलो कागदपत्रं, सांकेतिक लिपीची पुस्तकं आणि आवाजाच्या रोखाने धावणारे टॉर्पेडो मिळाले. घबाडच! पण जर्मनांना सुगावा लागला असता तर त्यांनी संकेत बदलले असते, आणि ते संकेत दोस्तराष्ट्रं आधीपासूनच फोडत होती. त्यामुळे नौदलप्रमुख अर्नेस्ट किंग शाबासकी द्यायचं सोडून भडकले. गॅलरीवर कोर्टमार्शलचा विचारही त्यांच्या मनात आला होता असं सांगतात. अखेर ताफ्यातल्या सुमारे ३,००० जणांना गुप्ततेची शपथ दिली गेली. खिशात घातलेल्या आठवणवस्तूही परत करायला लावल्या. पाणबुडीला 'निमो' हे खोटं नाव मिळालं. जर्मन कैद्यांना लुइझियानात इतरांपासून वेगळं ठेवलं. घरी पत्र पाठवायची सोय नाही, त्यामुळे ते मेलेच अशी जर्मनीत समजूत झाली. पाणबुडी पकडल्यावर दोनच दिवसांनी दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या, 'डी-डे' झाला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. शेवटपर्यंत एकानेही तोंड उघडलं नाही!

भाऊबंदही काही कमी नव्हते

- ब्रिटनची पहिली एस्कॉर्ट कॅरिअर 'ऑडॅसिटी' हे मुळात पकडलेलं जर्मन मालवाहू जहाज 'हॅनोव्हर'. विमानं ठेवायला खाली जागाच नाही. ती डेकवर उघड्यावर ऊन-पाऊस झेलत उभी असत. डिसेंबर १९४१ मध्ये तिला जर्मन पाणबुडीनेच बुडवलं.
- ब्रिटिश 'बॅटलर' १९४३ मध्ये हिंदी महासागरात आली आणि एडन-मुंबई मार्गावरच्या ताफ्यांच्या राखणीला लागली. मार्च १९४४ मध्ये तिच्या विमानांनी हेरलेलं, पाणबुड्यांना तेल पुरवणारं जर्मन जहाज 'ब्राके' 'रोबक' या विनाशिकेने गाठलं.
- २५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्समधल्या समार बेटाजवळ 'ग्वाडलकॅनाल'च्याच जातीच्या नौकांची गाठ थेट जपानी युद्धनौकांशी पडली. पत्रा इतका पातळ की चिलखत फोडण्यासाठी बनवलेले कित्येक गोळे न फुटताच आरपार निघून गेले! तरी 'गॅम्बिअर बे' बुडाली. तोफांच्या माऱ्याने बुडालेली ती अमेरिकेची एकमेव विमानवाहू नौका. त्याच दिवशी 'सेंट लो' कामिकाझे, म्हणजे आत्मघाती विमानाच्या हल्ल्यात गेली.

सावधान, पुढे पाणबुडी!

युद्धानंतर 'यू-५०५' ला नेमबाजीच्या सरावात बुडवायचं घाटत होतं. गॅलरी मूळचा शिकागोचा. त्याने आणि शिकागोकरांनी ती वाचवायचं ठरवलं, अडीच लाख डॉलर उभे केले. १९५४ मध्ये सेंट लॉरेन्स नदी आणि महासरोवरांतून ओढत ती शिकागोला आली. मग सरोवराकाठचा गजबजलेला 'लेक शोअर ड्राइव्ह' रात्रीतून ओलांडायचा होता. वाहनचालकांसाठी पाटी लागली: जपून चालवा, पाणबुडी रस्ता ओलांडतेय! पुढे जर्मनीतल्या कंपन्यांनीही हरवलेले सुटे भाग पाठवले. आपली पाणबुडी परक्या गावात निदान नीटनेटकी दिसावी, एवढीच त्यांची इच्छा. २५ सप्टेंबर १९५४ ला तिचं स्मारक म्हणून लोकार्पण झालं. 'ग्वाडलकॅनाल' नौदलात दाखल झाली तीही तारीख २५ सप्टेंबरच.

शिकार संग्रहालयात, शिकारी भंगारात

'ग्वाडलकॅनाल' जुलै १९४६ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं राखीव ताफ्यात पडून राहिली आणि १९५९ मध्ये भंगारात विकली गेली. आपल्या जुन्या 'विक्रांत'चा शेवट मुंबईकरांनी पाहिलाच आहे; जहाजं जपणं हे खर्चाचं काम असतं, हे मान्य. पण नऊ महिन्यांत उभ्या राहिलेल्या, स्वतःच्याच माणसांनी नावं ठेवलेल्या या नौकेने तीन पाणबुड्या बुडवल्या आणि चौथी दोर लावून घरी आणली. असा हिशेब मोठमोठ्या नौकांनाही मांडता आला नाही. शिकागोत तुमचे कुणी नातेवाईक असतील, तर पुढच्या फेरीत तिथल्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. तिथे ठेवलेल्या या पाणबुडीच्या पोटात शिरायचं तिकीट वेगळं असतं. ते आधीच काढा.