मुक्या जिवांना माणसांची औषधे नकोत

रात्री घरातले मांजर मलूल होऊन कोपऱ्यात बसते. अंग तापलेले लागते. पशुवैद्यकीय दवाखाना सकाळी उघडणार असतो आणि कपाटात पॅरासिटामॉलची गोळी असते. ‘लहान मुलाला देतो, मग मांजराला पाव गोळी दिली तर काय बिघडणार?’ असे वाटून आपण ती दुधात कालवतो. हेतू मायेचाच असतो. परंतु ही माया त्या जिवाच्या प्राणांवर बेतू शकते.

गोळी लहान केली म्हणजे धोका टळला, हा समज चुकीचा आहे. आधी साधा हिशेब पाहू. साठ किलो वजनाच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम औषध पोटात जाते. चार किलोच्या मांजराला तिचा चतुर्थांश दिला, तरी हे प्रमाण ३१ मिलिग्रॅमच्या घरात जाते.

शिवाय प्रश्न केवळ प्रमाणाचा नाही. आपले यकृत पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून बाहेर टाकते. त्यासाठी लागणारे विकर मांजराच्या यकृतात फारच अपुरे असते. परिणामी औषधाचे विषारी द्रव्यात रूपांतर होते, रक्तातील हिमोग्लोबिन बिघडते आणि ते प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ ठरते. हिरड्या तपकिरी वा निळसर दिसणे, तोंड व पंजे सुजणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे होत. अख्खी गोळी तर मांजराचा जीवही घेऊ शकते.

कुत्र्यांच्या बाबतीतही सावध राहावे. आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांमुळे त्यांच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. काही साखरविरहित औषधांत झायलिटॉल हा गोड पदार्थ असतो. त्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी घसरते.

एका प्राण्याला मानवणारे औषध दुसऱ्याला विष ठरते, याचा मोठा धडा आपल्या देशाने गिधाडांच्या रूपाने घेतला आहे. माणसांसाठी तयार झालेले डायक्लोफिनॅक गुरांनाही दिले जाऊ लागले. ते दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मूत्रपिंडाच्या विकाराने मरू लागली. हे कारण २००४ मध्ये उघड झाले. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांतील औषध गुरांना टोचले जात राहिले. अखेर २०१५ मध्ये त्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. तोवर गिधाडांच्या काही जाती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचल्या होत्या.

चुकून औषध दिले गेले, अथवा प्राण्याने स्वतःच गोळ्या चघळल्या, तर लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा घरगुती उपायही करू नये. तो अपायकारक ठरतो. गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन तातडीने पशुवैद्यांकडे जावे. काय, किती आणि केव्हा दिले, हे संकोच न करता सांगावे. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा उपलब्ध आहे. मात्र तो जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.

औषधे बंद कपाटात ठेवावीत आणि जवळच्या पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक आजच लिहून ठेवावा. मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. म्हणूनच त्याच्या वतीने विचारण्याची जबाबदारी आपली आहे.