डी-डायमर वाढला म्हणजे नेमकं काय झालं?
(लेखमाला : कोविड आणि शरीर, भाग सहावा)

22 एप्रिल 2021 पासून केंद्र सरकारने नऊ उद्योग वगळून बाकी कारखान्यांचा ऑक्सिजन बंद केला. भोसरी-चाकणच्या फॅब्रिकेशन शॉपमधलं गॅस कटिंग थंडावलं आणि सिलिंडर दवाखान्यांकडे वळले. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये एरवी उद्योगांची प्रदर्शनं भरतात, तिथे खाटा लागल्या होत्या. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय होतं आणि वायसीएम रुग्णालयात बेडसाठी वशिला शोधणं चालू होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी ऑक्सिजन. पण बेड मिळाला, मास्क लागला, तरीही काहींचं सॅच्युरेशन वर सरकत नव्हतं. नातेवाइकांना वाटायचं, ऑक्सिजन कमी सोडताहेत. दर वेळी तसं नसायचं.

मागच्या भागात प्रतिकारशक्ती बेफाम झाली की फुफ्फुसाला सूज कशी येते ते पाहिलं. त्या सुजेने वायुकोश पाण्याने भरतात, हे निम्मं उत्तर झालं. उरलेलं उत्तर रक्तवाहिन्यांत आहे. वायुकोश हा माल चढवायचा धक्का समजा आणि त्याला बिलगून जाणारी केशवाहिनी हा रस्ता. धक्क्यावर माल तयार आहे, पण चाकणच्या तळेगाव चौकात ट्रक जागचे हलत नाहीत. मग धक्क्यावर आणखी माल आणून टाकला तरी तो पोहोचणार कसा?

हा तर्क डॉक्टरांनी शवविच्छेदनात पडताळून पाहिला. कोविडने गेलेल्या सात आणि इन्फ्लुएन्झाने गेलेल्या सात रुग्णांची फुफ्फुसं शेजारी ठेवून केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. कोविडच्या फुफ्फुसांत केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या नऊ पट आढळल्या. नेदरलँड्समध्ये अतिदक्षता विभागातल्या 184 रुग्णांच्या पहिल्या पाहणीतच 31 टक्क्यांना गुठळ्यांचा त्रास झालेला दिसला, आणि त्यांत फुफ्फुसाच्या धमन्यांत अडकलेल्या गुठळ्या सर्वाधिक होत्या.

रक्त वाहिनीत गोठत नाही याचं श्रेय तिच्या आतल्या नाजूक अस्तराला जातं. ते निरोगी असतं तोवर प्लेटलेट्सना तिथे चिकटायला जागाच मिळत नाही. तीव्र कोविडमध्ये हे अस्तर सुजतं, ठिकठिकाणी सोलवटतं. खालच्या पेशी उघड्या पडल्या की गोठण्याची साखळी सुरू होते. वर यकृत सुजेच्या इशाऱ्यावर फायब्रिनोजेन जादा बनवत असतंच. रुडॉल्फ विरशो या जर्मन डॉक्टरच्या नावाने गुठळी होण्याची तीन कारणं ओळखली जातात: वाहिनीच्या भिंतीला इजा, साचलेला प्रवाह आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली ओढ. दहा-बारा दिवस खाटेला खिळलेल्या कोविडच्या रुग्णात तिन्ही एकदम हजर. आणखी काय हवं?

आता डी-डायमर. शरीर गुठळी करतं तशी ती विरघळवतंही, आणि फायब्रिनचं जाळं तुटताना जे तुकडे रक्तात येतात ते म्हणजे डी-डायमर. आकडा वाढला याचा अर्थ कुठेतरी जाळं विणलं जातंय आणि उसवलंही जातंय. कुठे, ते हा आकडा सांगत नाही. गरोदरपणात, ऑपरेशननंतर, मार लागल्यावर, कर्करोगात, साध्या न्यूमोनियातही तो चढतो, वयानुसारही चढतो.

2021 मध्ये मात्र कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे आकडे ताडून पाहिले जात. ‘माझा 430, तुझा 860, तू अॅडमिट हो.’ तो रिपोर्ट जरा जवळून पाहा. आकड्यापुढे बारीक अक्षरात एकक छापलेलं असतं. काही लॅब एफईयू या एककात मोजतात, काही डीडीयूमध्ये, आणि एक डीडीयू म्हणजे जवळपास दोन एफईयू. म्हणजे आकुर्डीच्या लॅबमधले 430 डीडीयू आणि चाकणच्या लॅबमधले 860 एफईयू ही एकच गोष्ट! तिसरी लॅब तेच मायक्रोग्रॅममध्ये 0.86 असं छापते आणि तो रुग्ण उगाच निर्धास्त राहतो. एफईयूमध्ये साधारण 500 नॅनोग्रॅमपर्यंत, डीडीयूमध्ये सुमारे 250 पर्यंत नॉर्मल धरतात. ही ओळ न वाचता काढलेले निष्कर्ष माझ्या मते त्या काळातल्या निम्म्या घबराटीचं मूळ होते.

घबराटीतून घरोघरी इकोस्प्रिन, म्हणजे अॅस्पिरिनची गोळी, सुरू झाली. ‘रक्त पातळ ठेवलेलं बरं.’ ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत जवळपास 15 हजार दाखल रुग्णांवर अॅस्पिरिन तपासली गेली. गोळी मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत मृत्यू 17 टक्के. दर हजारी सहा जणांना गुठळीचा त्रास कमी झाला आणि सहा जणांना मोठा रक्तस्राव जास्त झाला. हिशेब बरोबरीत सुटला.

पोटाच्या कातडीखाली देतात त्या हेपॅरिनच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी आणि जास्त चमत्कारिक. ते आधी झालेली गुठळी विरघळवत नाही, नवी होऊ देत नाही. दाखल रुग्णांना त्याचा छोटा, प्रतिबंधक डोस देण्याची पद्धत आपल्याकडेही रुळली. मग साहजिक प्रश्न आला की पूर्ण डोसच का देऊ नये? 2021 मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे निकाल आले. वॉर्डात असलेल्या, अजून अत्यवस्थ न झालेल्या रुग्णांना पूर्ण डोसचा फायदा झाला. आयसीयूत पोहोचलेल्यांना झाला नाही, आणि त्यांच्यातला प्रयोग मध्येच थांबवावा लागला. फुफ्फुसातली जाळी एकदा घट्ट विणली गेली, भोवती सूज माजली, की हेपॅरिनच्या हातात फारसं राहत नाही, असा त्याचा एक अर्थ लावतात. गुठळी विरघळवणारी औषधं निराळी. त्यांतलं टेनेक्टेप्लेज आपल्याच हिंजवडीत, जेनोव्हा कंपनीत बनतं. पण ते हार्ट अटॅक, पक्षाघात, फुफ्फुसातली मोठी गुठळी अशा प्रसंगी, रक्तस्रावाची जोखीम पत्करून द्यायचं औषध आहे.

कोव्हिशील्डनंतरच्या गुठळ्यांबद्दल वाचक विचारतात. तो आजार वेगळा: त्यात लशीनंतर प्लेटलेट्सना चेतवणारी अँटिबॉडी तयार होते आणि प्लेटलेट्स घसरतात. मे 2021 मध्ये सरकारी समितीने दिलेला भारतातला आकडा दहा लाख डोसमागे 0.61 होता. त्या तुलनेत खुद्द कोविडमुळे होणाऱ्या गुठळ्या किती तरी जास्त.

डिस्चार्ज मिळाला की विषय संपला, असं आपल्या औद्योगिक पट्ट्यात सर्रास धरलं गेलं. कंत्राटी कामगाराला खाडे परवडत नव्हते. तो आठवड्याभरात लाइनवर उभा. स्वीडनमध्ये दहा लाखांहून जास्त कोविडबाधितांचा माग काढला, तेव्हा पहिल्या 30 दिवसांत फुफ्फुसातल्या गुठळीचा धोका 33 पट दिसला; तो वाढलेलाच राहिला सहा महिने. पायांतल्या गुठळ्यांचा तीन महिने. आठ तास उभं राहून पाय सुजणं कामगाराला नवं नाही, म्हणून ही खूण हुकते. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारण बहुधा दुसरं असतं. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, हाताला गरम लागते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर 108 ला फोन करा, शिफ्ट संपायची वाट पाहू नका.

आणि एक काम याच आठवड्यात करा. 2021 मध्ये ‘रक्त पातळ व्हायला’ सुरू केलेली गोळी घरात कोणी अजून घेत असेल, तर ती मनाने बंद करू नका. कदाचित हृदयासाठी ती लागतही असेल. जुनी फाइल आणि गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ही आता कशासाठी चालू आहे.